अर्ध्या इंचाची जागा

फाट्यापाशी रॉसनं सवयीनं डावा दिवा लावला. टिक, टिक, टिक. मागे जोडलेली कॅरव्हॅन हळू झाली आणि तिच्या कपाटातल्या कपबशा एकदा किणकिणल्या.

"आज सरळ," नेरिडा म्हणाली.

"सरळ म्हणजे टलुंगा."

"मला वाचता येतं, रॉस."

"नाही, म्हटलं, माझे डोळे गेलेत, तुझं डोकं तरी जागेवर आहे ना ते बघावं."

त्यानं दिवा बंद केला आणि गाडी सरळ घेतली. डोळे काही गेले नव्हते, पण जाणार होते. उजव्या डोळ्याच्या मधोमध एक धुरकट ठिपका बसला होता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की जूननंतर मागे कॅरव्हॅन ओढत लांब लांब जायचं नाही. म्हणजे ही शेवटची फेरी.

एकोणीस वर्षं ते दोघं नवराबायको ह्या फाट्यावरून डावीकडे वळत आले होते. सत्तेचाळीस किलोमीटरचा वळसा, त्यातला निम्मा रस्ता खडीचा. पहिल्या वर्षी नेरिडा म्हणाली होती, "तिकडून नको," आणि रॉसनं कारण विचारलं नव्हतं. त्याला ते माहीत होतं. शिवाय जन्मभर त्यानं लोकांचे फ्रिज दुरुस्त केले होते. काही दारं उघडून बघायची नसतात, आत काय ठेवलंय ते वासावरूनच समजून घ्यायचं असतं, एवढं त्याला कळत होतं.

नेरिडा गोधड्यांचे नमुने करायची. गोधड्या शिवणाऱ्या बायका त्या मुलखात गावोगाव. नेरिडा त्यांना लागणारे कागद तयार करायची. कुठला रंग कुठे, कुठला तुकडा किती इंचांचा. चार ऋतूंच्या चार गोधड्यांनी तिचं नाव झालं. तोवर दुकानांत ऋतूंचं म्हणून जे कापड यायचं ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या हिशेबानं आलेलं असायचं; भर डिसेंबरात, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, पंख्याखाली घाम पुसत, बायका बर्फाच्या बाहुल्या कापत बसायच्या. नेरिडानं बर्फ काढून टाकला. तिच्या उन्हाळ्यात वाळलेलं गवत आणि वरच्या कडेला समुद्राची एकच रेघ. शरदात कापणीनंतर शेतात उरलेली गव्हाची खुंटं आणि ती पेटवल्यावरचा तांबूस धूर. हिवाळ्यात दहिवरात फुललेल्या वॅटलच्या झाडाचे पिवळे गोंडे. वसंतात मोहरीसारखी पिवळी फुललेली कॅनोलाची शेतं.

"चारही ऋतू पिवळेच की तुझे," रॉस म्हणायचा.

"मग खिडकीतून तुला काय हिरवं दिसतं?"

खिडकीतून खरंच काही हिरवं दिसायचं नाही. बावीस वर्षं ते दोघं वर्षातले आठ महिने रस्त्यावर असायचे. गावातला हॉल, किटलीतला चहा, त्याबरोबर भाजलेले गोडसर स्कोन, पंधरा-वीस बायका. ती बोलायची आणि रॉस खुर्चीवर उभा राहून गोधडी डोक्याच्या वर धरायचा.

चूक शरदात झाली होती. तो कागद तिनं गाडीतच लिहिला होता, मांडीवर पाव कापायची फळी घेऊन. गोधडीचा प्रत्येक तुकडा लागतो त्याहून अर्धा इंच जास्त कापायचा असतो, कारण दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जातं. हे नेरिडा झोपेतही विसरली नसती. बाकी सगळ्या तुकड्यांना तिनं ते धरलं होतं. फक्त मधल्या पट्टीला लिहायचं होतं अडीच आणि लिहिलं गेलं दोन. अर्धा इंच म्हणजे किती, नखाएवढा. पण तेवढ्यानं चौकोन चौकोन राहत नाही. एका बाजूनं आखूड पडतो आणि शेजारच्याशी जुळत नाही. तसे बारा चौकोन म्हणजे गोधडी नव्हे, बारा भाऊबंद.

पुढच्या छपाईत तिनं ते सुधारलं. तोवर पहिले दोनशे कागद गेले होते, आणि महिन्याभरात टलुंगाहून पत्र आलं. पाकिटाच्या पाठीवर नाव होतं: नोएलीन हॅकेट. आत एकच कागद, निळ्या शाईत, अक्षर ताठ.

"आम्ही अकरा जणींनी तुमच्या कागदावरून एकाच दिवशी कापड कापले. ते कापड दुकानात आता शिल्लक नाही. प्रत्येक चौकोन अर्धा इंच आखूड आहे. आम्ही तीन वेळा मोजले. आता आम्ही काय करावे, ते कळवावे."

इथं कागद संपला होता. खाली सहीसुद्धा नव्हती. बाईनं रागानं सहीही केली नाही, असं नेरिडानं धरलं. तिनं चार वेळा उत्तर लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. पहिलं फार लांब झालं, दुसऱ्यात खराब रस्त्याचं कारण आलं, तिसरं रडकं झालं. चौथं चांगलं होतं, पण तोपर्यंत पाच महिने झाले होते, आणि पाच महिन्यांनी माफी मागायची तर आधी पाच महिन्यांची मागावी लागते. मग फाट्यावर डावीकडे वळणं सोपं वाटलं. पत्र बिस्किटांच्या डब्यात बटणांच्या खाली गेलं.

ह्या फेब्रुवारीत टलुंगाहून आमंत्रण आलं ते कुणा मारिसेल नावाच्या नव्या सेक्रेटरीचं. तिला बिचारीला काय माहीत असणार! रॉसच्या डोळ्यांचं नुकतंच कळलं होतं. नेरिडानं त्याच दिवशी 'येते' म्हणून लिहून टाकलं आणि शरदाच्या कागदाच्या चाळीस प्रती काढल्या. सुधारलेल्या. त्या आता तिच्या मांडीवरच्या पिशवीत होत्या.

हॉल गव्हाच्या उंच कोठारांच्या पलीकडे होता. दारात एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई हात हलवत उभी होती. ती मारिसेल, दवाखान्यात नर्स होती आणि अजून ड्यूटीच्या कपड्यांतच होती.

"दोन वाजता परत जायचंय मला," ती म्हणाली, "पण तुम्हाला सोडून आजारी पडायची कुणाची हिंमत नाही आज."

आत स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक उंच, वाळकी म्हातारी कप मांडत होती. ऐंशीच्या पुढची. कपाचे सगळे कान एकाच दिशेला. नेरिडानं नाव विचारायच्या आधीच ओळखलं. बाई तिच्या अक्षरासारखीच ताठ होती.

"मी नोएलीन," म्हातारी म्हणाली. "साखर?"

"नको."

"बरं." आणि ती पुढच्या कपाकडे वळली.

नेरिडानं उन्हाळ्यापासून सुरुवात केली. रॉस खुर्चीवर चढला, गोधडी वर धरली आणि नेहमीसारखा तिच्यामागे नाहीसा झाला. खाली फक्त बूट आणि वर आठ बोटं.

"पाय तर तरणे दिसतात गं!" पहिल्या रांगेतली एक जाडी म्हातारी म्हणाली. तिला सगळ्या डॉट म्हणत होत्या.

"वरचं न बघितलेलंच बरं," गोधडी म्हणाली.

हशा झाला. हिवाळा झाला, वसंत झाला. नेरिडानं क्रम बदलून शरद शेवटी ठेवला होता, हे रॉसच्या लक्षात आलं. तिसरी गोधडी खाली ठेवताना त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं, मग शरदाची घडी उचलून तो पुन्हा खुर्चीवर चढला. आडोसा व्हावा तशी गोधडी तिच्या पाठीमागे उलगडली.

"हिच्याबद्दल," नेरिडा म्हणाली आणि थांबली. पिशवीचा बंद तिनं हाताला दोनदा गुंडाळला. "हिच्या पहिल्या कागदात माझी चूक झाली होती. मधली पट्टी अडीच इंच हवी, मी दोन लिहिली. तुमच्यातल्या अकरा जणींचं कापड त्यापायी वाया गेलं. तुम्ही पत्र लिहिलंत आणि मी उत्तर दिलं नाही. एकोणीस वर्षं झाली. दर वर्षी मी इथनं सत्तेचाळीस किलोमीटर लांबून जाते. म्हणजे, हा नेतो." तिनं मागे बोट केलं. "मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. आज सुधारलेला कागद आणलाय. उशीर झालाय, मला कळतंय."

किटली उकळत होती ती कुणीतरी बंद केली. गोधडीवरच्या आठ बोटांनी पकड बदलली. वजन बरंच होतं.

"अगंबाई," डॉट म्हणाली, "सत्तेचाळीस? कुरकाडीच्या रस्त्यानं? तो तर माणूस मारायला केलाय!"

"डॉट, गप्प," नोएलीन म्हणाली. ती खिडकीमागून बाहेर आली, ओले हात पुसले, नेरिडाच्या हातातला गठ्ठा घेतला आणि वरचा कागद चष्मा सावरून वाचला. सगळा वाचला. मग गठ्ठा जुळवून तिनं परत दिला.

"हे घेऊन जा. इथं कुणाला उपयोग नाही ह्याचा."

नेरिडानं मान हलवली. एवढं तर ती धरूनच आली होती. तिनं गठ्ठा पिशवीत घातला. तो आत नीट जाईना, म्हणून पुन्हा काढून घातला.

"त्यांना दाखव ना आधी, नोएलीन!" मारिसेल उठलीच. "किती छळशील!" कपाटातून तिनं एक पुठ्ठ्याची फाईल आणली. आत शरदाचाच कागद होता, प्रतीवरून प्रत काढून अक्षरं फुगलेला. मधली पट्टी: दोन इंच. "आम्ही ह्याच्यावरून कापतो. सगळ्या जणी. मी इथं आले तेव्हा मला पहिलं हेच शिकवलं. दोन इंचच कापायची, आणि आखूड पडलेल्या जागी घरातल्या कापडाची पट्टी घालायची. एक इंच कापली की शिवणीत जाऊन बरोबर अर्धा उरतो. आणलीय आम्ही प्रत्येकीनं. तुम्हाला दाखवायलाच आणलीय."

पायांशी ठेवलेल्या पिशव्या उघडल्या. गोधड्या निघाल्या, मांड्यांवर पसरल्या, खुर्च्यांच्या पाठीवर पडल्या. तीच खुंटं, तोच तांबूस धूर, आणि प्रत्येक चौकोनात एका बाजूला एक बारीक, भलत्याच कापडाची रेघ. शाळेच्या गणवेशाची. टेबलावरच्या चौकड्याच्या कापडाची. कुठे लोकर कातरणाऱ्याच्या बंडीची.

"ही वॉल्टरच्या पायजम्याची," डॉट म्हणाली. "पायजम्यात दिसायचा त्यापेक्षा इथं बराच बरा दिसतो."

"ही माझ्या आईच्या झग्याची," मारिसेल म्हणाली. "तिला इथं कधी येता आलं नाही. पट्टी आली, पोस्टानं."

"गावात नवीन कुणी आलं की त्यांना एक देतो," मागून कुणीतरी सांगितलं. "पूर आला त्या वर्षी चौदा दिल्या. सगळ्या आखूड!"

नेरिडा एकेकीजवळ गेली. प्रत्येक गोधडीवरची रेघ तिनं अंगठ्यानं चाचपली, शिवणीवर नख फिरवलं, जसं ती परीक्षक म्हणून जायची तेव्हा फिरवायची. सगळ्या शिवणी सरळ होत्या. शेवटच्या गोधडीशी ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

"मी उतरू का?" गोधडीमागून रॉस म्हणाला. "का अजून कुणाला पाय बघायचेत?"

बायका चहाकडे वळल्या तेव्हा नोएलीननं नेरिडाच्या कोपराला हात लावला आणि तिला छोट्या रंगमंचाच्या कडेला नेलं. पडदा बाजूला केला. मागच्या भिंतीवर दांडीला एक गोधडी टांगलेली होती. गोधडी म्हणजे नुसता वरचा थर, ना अस्तर ना टाके. अकरा चौकोन, अकरा रेघा. बारावा, खालच्या उजव्या कोपऱ्यातला, आखूडच होता. तो शिवलेला नव्हता. टाचण्यांनी जागेवर धरून ठेवला होता, आणि त्याच्या बाजूला अर्ध्या इंचाची फट होती. फटीतून भिंत दिसत होती.

"ही पहिली," नोएलीन म्हणाली. "ह्या दिवसांत दर वर्षी लावतो. त्या अकरांतल्या आता चौघी उरलोय. टाचण्या गंजतात, मी बदलते."

"आणि हा बारावा?"

"तो तुमचा ना. पत्रात लिहिलं होतं."

"पत्रात?"

"मागच्या बाजूला."

नोएलीन तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं चष्मा काढला, काचा स्वेटरच्या टोकानं पुसल्या आणि परत लावला.

"पान उलटलंच नाहीत तुम्ही."

बाहेर डॉट कुणाला तरी तिसरा स्कोन घ्यायला लावत होती.

"आणि मी," नोएलीन म्हणाली, "एवढी वर्षं समजत्येय की फार टोचून लिहिलं आपण. माझा नवरा म्हणायचा, नोएलीन, तुझी पत्रं बिलासारखी असतात. वाटलं, दुखावली असेल बाई. म्हणून परत लिहिलं नाही."

कॅरव्हॅनमध्ये रॉस गोधड्यांच्या घड्या कपाटात लावत होता. नेरिडानं डबा काढला, बटणं टेबलावर ओतली. कागद तळाशी होता, आणि त्याची घडी इतकी पक्की झाली होती की उलगडताना तो जरा फाटला. तिनं तो उलटा केला. निळी शाई, ताठ अक्षर. मजकूर फक्त वरच्या भागात.

"आमच्यापुरता तोडगा आम्ही शोधला आहे. आखूड जागेत प्रत्येकीने आपल्या घरातल्या कापडाची पट्टी घातली. दिसते बरे. परंतु आम्ही अकरा आणि चौकोन बारा. तरी आपल्या घरातल्या एखाद्या कापडाची एक इंच रुंद पट्टी पाठवावी, ही विनंती. जुने चालेल. धुतलेले असावे. आपली, नोएलीन हॅकेट."

तिनं कागद रॉसला दिला. त्यानं तो हातभर लांब धरला, मग डाव्या डोळ्याजवळ आणला, मग परत दिला.

"तूच वाच."

तिनं वाचला. 'धुतलेले असावे'पाशी तिचा आवाज फुटला, हसू होतं की काय ते तिलाही कळलं नाही.

"घरातलं कापड," रॉस म्हणाला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, दोन पावलांत संपणारं घर, आणि मग खिडकीच्या पडद्याची सळई काढायला हात वर केला. तो पडदा नेरिडानं पहिल्या वर्षी शिवला होता. एके काळी निळा. बावीस वर्षांच्या उन्हानं त्याच्या घड्यांचे पट्टे पाडले होते. आतल्या भागात निळा होता तसाच, बाहेरच्या भागात फटफटीत. "अख्खाच ने. आता विकायचीच आहे गाडी."

"एक इंच मागितलाय," नेरिडा म्हणाली.

तिनं पडदा टेबलावर पसरला, मोजपट्टी ठेवली, मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजून मग खालच्या कडेनं सबंध रुंदीभर एक इंच कापला. रॉसनं उरलेला पडदा पुन्हा सळईत ओवला.

हॉलमध्ये मशीन होतं, पण नोएलीननं सुई ओवून हातात दिली. टाचण्या तिनं स्वतः काढल्या, एकेक करून आपल्या स्वेटरच्या काठाला टोचल्या. बायका खुर्च्या ओढून गोल बसल्या. मारिसेल दोन वाजता जाणार होती ती अडीच वाजता दारात पर्स घेऊन उभीच होती. नेरिडानं निळी-पांढरी पट्टी चौकोनाच्या कडेला धरली आणि सुई टेकवली.

"पाव इंच सोड हं शिवणीला," नोएलीन म्हणाली. "विसरशील."

एक क्षण कुणालाच कळेना हसावं की नाही. मग डॉट खोकल्यासारखी फुटली आणि तिच्यामागून सगळा हॉल.

"हिला विचारून तरी घ्या," डॉट डोळे पुसत म्हणाली, "अडीच की दोन!"

रॉस मागच्या रांगेत बसला होता, मांडीवर स्कोनची बशी. ह्या वेळी कुणीच त्याच्या तोंडासमोर काही धरलेलं नव्हतं. दोन-तीन जणींनी मागे वळून त्याला नीट पाहून घेतलं.

रात्रीचा मुक्काम त्यांनी गावातल्या जत्रेच्या मैदानावर केला. सकाळी नेरिडा उठली तेव्हा रॉसनं चहा केला होता आणि टेबलाशी बसला होता. पडदा एका इंचानं आखूड झाला होता. खिडकीच्या तळाशी तेवढीच फट राहिली होती, आणि तिच्यातून उन्हाची एक बारीक, लांब रेघ आत येऊन टेबलावरून, चमच्यावरून, रॉसच्या मनगटावरून पलीकडे गेली होती. बाहेर गुलाबी काकाकुव्यांचा थवा कुंपणावर भांडत होता.

"खाली दुसरी पट्टी लावून देशील ना?" रॉसनं विचारलं. "विकताना बरं दिसेल."

"नाही."

त्यानं मनगट हलवून पाहिलं. रेघ त्याच्या मनगटावर वाकली आणि पुन्हा सरळ झाली. बराच वेळ तो तेच करत बसला.

नेरिडानं पिशवीतला चाळीस कागदांचा गठ्ठा बाकाखालच्या कपाटात टाकला आणि लिहायची वही काढली. एक पान फाडून उन्हाच्या रेघेवर ठेवलं.

"कुणाला?"

"नोएलीनला."

"आत्ता कालच तर भेटलीस. अजून गावातच आहोत आपण."

"पत्राचं उत्तर राहिलंय."

तिनं लिहिलं. ह्या वेळी एकदाही फाडलं नाही. पानाच्या तळाशी आल्यावर थोडी जागा उरली होती, तिथं तिनं मोठ्या, ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा ओढून लिहिलं: पान उलटावे.

मागे काय लिहायचं ते अजून ठरलं नव्हतं.